भाईंदरचं स्थळ

वाईहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुंबईला चाललात, मग काय काय बघणार?"

मी म्हटलं, "मुलगा."

आणि खरंच आम्ही दुसरं काही बघायला गेलो नव्हतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी वैशाली साताऱ्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. भाईंदरच्या कदमांचा प्रशांत तिला महिन्यापूर्वी बघून गेला होता. दोघं एकमेकांना आवडली होती, फोनवर बोलणंही सुरू झालं होतं. आता घर बघायला कुणीतरी जायला हवं होतं, पण दाजींच्या अंगणात हळद शिजवायची कढई चढलेली. ती सोडून त्यांना हलता येईना. तेव्हा मावशी-भाचीने पुढे जाऊन बघून यावं, सगळं ठीक वाटलं तर मोठी माणसं जाऊन बोलणी करतील, असं ठरलं. मी शाळेत शिवण शिकवते. परीक्षेआधी चार दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही निघालो.

मीरा-भाईंदर म्हणजे मुंबईच्या उत्तरेला, दहिसरचा नाका ओलांडला की लागणारं जोडगाव. नुकतीच तिथे महानगरपालिका झाली आहे. आमच्याकडे कुणाला विचारलं तर "मुंबईलाच की" म्हणतात. तिथल्या माणसांना विचारलं तर "मुंबईला कामाला जातो" म्हणतात. म्हणजे ती मुंबई नव्हे, हे तिथे गेल्यावर कळतं.

शांतीनगर

उतरायला आमच्याच नात्यातल्या सुमनचं घर होतं, मीरा रोडच्या शांतीनगरात. शांतीनगर सेक्टरांत वाटलेलं आहे आणि प्रत्येक सेक्टरमधल्या इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या. पहिल्याच सकाळी मी दुधाची पिशवी आणायला खाली उतरले आणि परत येताना दुसऱ्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. दार उघडलेल्या बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून "दूध आ गया है हमारा" असं सांगितलं. खाली दुकानदाराला मराठीत पत्ता विचारला. त्याने हिंदीत सांगितला. मला समजला नाही, तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या एका बाईंनी आधी त्याला गुजरातीत झापलं, मग मला मराठीत घरापर्यंत आणून सोडलं.

संध्याकाळी सुमनने आम्हाला बाजारात नेलं. फरसाणाची दुकानं आमच्या गणपती घाटावरच्या गर्दीला लाजवतील अशी भरलेली. शेवपुरीवाल्याकडे दोन पाट्या होत्या, एक कांद्याची, एक जैनांसाठी बिनकांद्याची. वैशालीने दोन्ही प्रकारच्या शेवपुऱ्या खाल्ल्या आणि बिनकांद्याची जास्त आवडली म्हणाली.

रस्ता ओलांडणं मात्र मला चार दिवसांत जमलं नाही. वाईत रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी राहिली तर एसटीसुद्धा तिला वळसा घालून जाते. इथे माणूस दिसला की गाडीवाला जोर वाढवतो, आधी कोण पोचतं ते बघायला. सुमन मला शिकवत होती, "हात दाखवायचा आणि चालायला लागायचं. त्यांच्याकडे बघायचं नाही. बघितलंस तर ते थांबत नाहीत."

"आणि नाही बघितलं तर थांबतात?"

"बहुतेक," सुमन म्हणाली आणि माझा हात धरून मला ओढत पलीकडे घेऊन गेली.

भाईंदर पूर्व

शनिवारी दुपारी कदमांकडे जेवण होतं. भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं घर. खाली स्टीलची भांडी, शिलाईच्या मशीनची दुरुस्ती, मोबाइलची कव्हरं, अशी एकाला एक चिकटलेली दुकानं. वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जाळी लावलेली गॅलरी. मंडळी मूळची रत्नागिरीकडची. कदमकाका एका कारखान्यात फोरमन, प्रशांत औषधं विकणाऱ्या कंपनीत, डॉक्टरांना भेटत फिरायचं काम. घर स्वच्छ, माणसं मोकळी. कदमकाकूंनी कोळंबीची आमटी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी केली होती. मी सोलकढीचा तिसरा पेला घेतल्यावर काकू खूश होऊन म्हणाल्या, "ताई, तुमची भाची राहू दे, तुम्हीच या राहायला."

प्रशांत मला आवडला. जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. वैशालीच्या कामाबद्दल त्याने खरंच जाणून घ्यायचं म्हणून प्रश्न विचारले. ती त्याला कावीळ कशी ओळखतात ते सांगत होती आणि तो ऐकत होता. दोघं गॅलरीत उभी असताना तिचं हसणं आत ऐकू आलं, तेव्हा मी मनातल्या मनात दाजींना फोन करून टाकला होता.

मग काकांनी गाडीचा विषय काढला. प्रशांतने लाल रंगाची छोटी गाडी घेतली होती, सहा महिन्यांपूर्वी.

"गणपतीला गावाला गेलो," काका म्हणाले, "पहाटे निघालो आणि सकाळच्या न्याहारीला चिपळूण पार. शेजारचे सावंत आमच्या आधी निघालेले. ते पेणला चहा पीत होते, आम्ही त्यांना हात दाखवून पुढे."

"बाबा, तुम्ही त्यांना टाटा करत होता," प्रशांत हसत म्हणाला.

"करणारच! हायवेला गाडी हाणायला हिंमत लागते. सावंत म्हणजे बैलगाडी."

वाईत कुणी प्रवासाहून आलं की आम्ही विचारतो, पोटात काही गेलं का. इथे विचारतात, किती वाजता निघालात नि किती वाजता पोचलात. मग सांगणारा उत्तर देतो आणि ऐकणारा त्याहून कमी वेळात कुणीतरी पोचल्याची गोष्ट सांगतो. त्या दुपारी काकांनी अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या. काकू आतबाहेर करत आवरत होत्या. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही.

उठताना प्रशांत म्हणाला, "मावशी, उद्या रविवार. तुम्हाला उत्तन दाखवतो. समुद्र, बोटी, किल्ला. आईपण येईल."

मोरवा

वैशालीला त्याच्याशेजारी पुढे बसवलं, मी आणि काकू मागे. बसल्याबरोबर वैशालीने खांद्यावरून पट्टा ओढून घेतला आणि खटका लावला. लॅबमध्ये हातमोजे घालावेत तसा.

प्रशांतने बघितलं. "अहो, इथे कुणी पकडत नाही. टोलनाक्याच्या पुढे मुंबईत लावावा लागतो. माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे," ती म्हणाली. "पट्टापण आहे, म्हणून लावला."

तो हसला. त्याचा स्वतःचा पट्टा सीटच्या मागे तसाच लोंबत होता, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. समोर काचेजवळ गणपती आणि त्याला ताजा हार. आमच्याकडे ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधतात, तीही इथे पुढच्या बंपरला होती. देवाची सगळी व्यवस्था केलेली होती.

उत्तनचा रस्ता पश्चिमेला, पण गाडी काय आहे ते आम्हाला दाखवायला त्याने आधी उलट दिशा घेतली. काशिमीऱ्याहून हायवेला लागलो. एका बाजूला जंगलाचे डोंगर, पानगळ झालेले. सकाळचा रस्ता बऱ्यापैकी मोकळा. "एकदम मक्खन रोड आहे," तो म्हणाला आणि गाणी मोठी करून त्याने गाडी सोडली. मी दोन सीटच्या मधून काट्याकडे बघत होते. शंभर गेलं, एकशेदहा गेलं. गाडी हलकी, तिचं दार थरथरायला लागलं. ट्रकच्या डाव्या बाजूने, मग दुसऱ्याच्या उजव्या बाजूने, कापडातून कात्री जावी तशी ती जात होती.

वैशाली म्हणाली, "जरा हळू घ्या ना."

तो हसला. "घाबरलात? अहो, हे काहीच नाही. बाबा असले की ते एकशेवीसच्या खाली येऊ देत नाहीत."

घोडबंदरच्या खाडीपुलाशी आम्ही थांबलो, चहा प्यायलो. खाडीचं पाणी मातकट आणि संथ होतं. मला वाटलं, हौस फिटली. चहावाल्याकडे उभ्या असलेल्या दोन ट्रकवाल्यांकडे बघत मी प्रशांतला सहज विचारलं, "एवढ्या जोरात गेलं की भीती नाही वाटत?"

"मावशी, हळू चालवणारेच ठोकतात," तो म्हणाला. "त्यांच्यामुळे बाकीच्यांना ओव्हरटेक करावं लागतं." त्याला हे मनापासून पटलेलं होतं. त्याच्या कामात दिवसाला किती डॉक्टर भेटायचे ते ठरलेलं असतं आणि रस्त्यावर गेलेला वेळ त्यात धरत नाहीत, हेही त्याने सांगितलं. मला त्याचं म्हणणं थोडं कळलं.

मग परत फिरलो, रूळ ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलो आणि उत्तनच्या रस्त्याला लागलो. इथून मात्र दुसरंच जग सुरू होतं. बाजूला मिठागरं, पांढऱ्या मिठाचे ढीग ओळीने लावलेले, मध्ये पाण्याचे चौकोन आणि त्यात उभे बगळे. मग मुर्धे, राई, मोरवा अशी एकामागे एक जुनी गावं. कौलारू घरं अगदी रस्त्याला टेकलेली. ओटीवर बसलेल्या माणसाचे पाय लांब केले तर डांबरावर येतील. ऐन गावात रस्ता दोन घरांच्या मधून वळतो आणि पलीकडचं काही दिसत नाही.

मोरव्याच्या अलीकडे आमच्यापुढे भाजीचा एक टेम्पो होता. प्रशांत त्याच्या मागे हॉर्न वाजवत चालला होता. वैशाली पुन्हा म्हणाली, "हळू घ्या, गाव आहे." मी मागून स्पष्ट ऐकलं. पुढच्याच क्षणी त्याने गाडी टेम्पोच्या उजवीकडे काढली, टेम्पोला मागे टाकलं आणि आम्ही त्याच वेगाने वळणात शिरलो.

वळणावर एक म्हातारा सायकल घेऊन चालला होता, मागे निळ्या प्लॅस्टिकने झाकलेली पावाची मोठी टोपली. मला त्याचा पांढरा सदरा दिसला आणि ब्रेकचा आवाज ऐकू आला. गाडी घसरत गेली. आमचा डावा कोपरा सायकलच्या मागच्या चाकाला लागला आणि म्हातारा सायकलसकट रस्त्याकडेच्या कोरड्या गटारात जाऊन पडला. गाडी आडवी होऊन बंद पडली. रस्ताभर पाव.

माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं. काकूंच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. प्रशांतची छाती स्टिअरिंगला लागली होती, ओठ फुटला होता. वैशालीला पट्ट्याने धरून ठेवलं होतं.

मग काकू ओरडल्या, "प्रशांत, काढ गाडी! लोकं जमली की मारून टाकतील तुला. काढ!"

त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. त्याचा हात गिअरवर गेला आणि रिव्हर्स पडला, तो खटका मी ऐकला. आणि त्याच वेळी वैशालीने पट्टा सोडला, दार उघडलं आणि ती खाली उतरली. मागे वळूनही न बघता ती सरळ गटाराकडे गेली.

तिचं दार उघडंच राहिलं. प्रशांत तिच्या पाठीकडे बघत होता, हात गिअरवर तसाच. मग त्याने इंजिन बंद केलं आणि तो उतरला.

नळावरच्या बायका आधी आल्या, मग बाप्ये. एकाने बॉनेटवर जोरात हात मारला, दुसऱ्याने किल्ली काढून घेतली. तिसऱ्याने प्रशांतची कॉलर धरली. "रस्ता हाय की तुझ्या बापाची धावपट्टी? पोरं खेलतात इथं!" एक थोबाडीत बसली. प्रशांतने हात वर केला नाही. वैशाली गटारात उतरून म्हाताऱ्याजवळ बसली होती. त्याचं मनगट तिने आपल्या ओढणीने पुठ्ठ्याला बांधलं. पुठ्ठा कुठून आणला देव जाणे. तिथूनच तिने वर बघून सांगितलं, "मारामारी नंतर करा. यांना दवाखान्यात न्यायचंय. दुसरी गाडी आहे का कुणाची?"

मागून आलेला टेम्पो भाजीने खच्चून भरलेला, दुसरी गाडी नव्हती. म्हणून किल्ली परत देऊन त्याच गाडीतून न्यायचं ठरलं. काकू रक्त पुसत नळाजवळच्या एका घरात थांबल्या, त्यांना तिथल्या बायकांनी पाणी दिलं आणि हळद लावली. मागच्या सीटवर मी, मध्ये म्हातारा आणि पलीकडे गावातला एक तगडा माणूस, आम्ही मध्येच पळून जाऊ नये म्हणून. म्हाताऱ्याचं नाव बस्त्याव, राहणार पुढच्या डोंगरी गावात, जातीचा ख्रिश्चन, बेकरीतून पाव घेऊन घरोघर द्यायचा त्याचा धंदा. दुखत होतं, तरी तो अधूनमधून बोलत होता.

"पाव सगलं गेलं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, प्रशांतच्या मानेकडे बघून, "हलू चालव, पोऱ्या. आता घाई न्हाय."

त्या गावांत 'ळ' चा 'ल' होतो. प्रशांतने गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि शिव्या देत पुढे गेले. एक मोटरसायकलवाला जाताना खिडकीजवळ येऊन ओरडला, "चलाना नहीं आता क्या?"

मनगट मोडलं होतं, बाकी खरचटलेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. पोलिसांत जायचं का, असं तगड्या माणसाने विचारलं, तर बस्त्याव म्हणाला, "मना काय कोर्टात बसाया वेल न्हाय." मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. उत्तन त्या दिवशी राहिलंच.

संध्याकाळी काकूंना घेऊन परतलो तेव्हा काकांनी दारातच विचारलं, "गाडीला किती लागलं?" मग त्यांची नजर बायकोच्या मनगटावर गेली. जेवताना त्यांचं मत ठरलं होतं: नवी गाडी, त्यात पाहुण्यांना दाखवायला काढली, नजर लागली. दुसऱ्या दिवशी नवं लिंबू बांधायचं ठरलं. मी पट्ट्याचं बोलले, तर म्हणाले, "अहो, वेळ आली की पट्टा काय करतो? आणि आली नाही, तर पट्टा कशाला?" सुमनचं म्हणणं आणखी वेगळं होतं. झोपायच्या आधी ती म्हणाली, "इथे सगळी पोरं अशीच चालवतात गं. लग्न झालं की शहाणी होतात. तो पळाला नाही, ते बघा."

वैशाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उठला होता.

डोंगरी

सोमवारी सकाळी ती म्हणाली, "मावशी, त्या काकांना बघून येऊ." आम्ही उत्तनची बस पकडली. तिच्यात मासे विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसलेल्या. मोरव्याच्या वळणावर बस जवळजवळ थांबली, मग हळूच पुढे गेली. सायकलचा काही मागमूस नव्हता.

डोंगरीत बस्त्यावचं घर शोधावं लागलं नाही. "पाववाला, हात मोडलेला?" म्हटल्यावर एका मुलीने दारापर्यंत आणून सोडलं. कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, कोपऱ्यात पांढरा क्रूस आणि त्याच्या पायथ्याशी जास्वंद. बाजूला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत घातलेले. बस्त्याव ओटीवर खुर्चीत बसून त्यांची राखण करत होता. प्लास्टरवाला हात मांडीवर आणि दुसऱ्या हातात कावळे हाकायची काठी.

त्याची बायको फिलोमीन बाहेर आली. आम्ही कोण ते कळल्यावर तिने वैशालीला नीट बघून घेतलं. "तू उतरलीस ती?"

वैशालीने होकाराची मान डोलावली.

"बस. जेवल्याबिगर जायचं न्हाय."

आम्ही कंदी पेढे नेले होते, ते तिने क्रूसापुढे ठेवले आणि मग सगळ्यांना वाटले. जेवायला बोंबलाचं कालवण, त्यात त्यांच्या घरचा कुटलेला मसाला, आणि पाव. पाव आदल्या दिवशीचे होते. रस्त्यावरून उचलून आणलेल्यांपैकी असतील का, असं मनात आलं, पण विचारलं नाही. चव आमच्या रश्शाच्या जवळची, फक्त खोबरं निराळं लागत होतं. फिलोमीन वाढता वाढता बोलत होती. त्या रस्त्यावर रविवारी मुंबईची पोरं मोटरसायकली पळवायला येतात. देवळातून माणसं बाहेर पडायच्या वेळेला ती सगळ्यात जास्त असतात. देऊळ म्हणजे चर्च. गावाने दोनदा दगड लावून रस्ता अडवला, दोनदा ते काढायला लागले. "आमची डुकरं शाणी झाली," ती म्हणाली, "हॉर्न आयकला की भिताडाला चिकटतात. माणसाला कोन शिकवल?"

आम्ही हात धुतोय तोच प्रशांत आला. बसने आला होता, हातात फळांची पिशवी. ओठ सुजलेला. आम्हाला बघून तो गोंधळला. फिलोमीनने त्याला पेला भरून पाणी दिलं, बस म्हणाली नाही. बस्त्याव म्हणाला, "बस, बस." नवी सायकल तो घेऊन देतोय, असं त्याने सांगितलं. बस्त्याव म्हणाला, जुन्याच सायकलचं चाक बदललं तरी चालेल, नवी त्याला उंच होते.

मग प्रशांत आणि वैशाली बोंबलांच्या काठ्यांजवळ जाऊन उभे राहिले. मी ओटीच्या पायरीवर होते. ऐकू येत होतं आणि उठून आत जावं असं मला वाटलं नाही.

प्रशांत म्हणाला, "एक सांगायचंय. तुम्ही उतरला नसतात, तर मी गाडी काढली असती."

"माहीत आहे," वैशाली म्हणाली. "रिव्हर्स पडलेला मी ऐकला."

"मग?"

"त्याचा मला राग नाही. घाबरल्यावर माणूस काहीही करतं. मीही घाबरलेच होते. आणि हे तुम्ही आपणहून सांगितलंत, ते बरं वाटलं." ती थोडी थांबली. "पण मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, हळू घ्या."

"दोनदा?"

"एकदा हायवेला. एकदा मोरव्याच्या अलीकडे."

तो विचार करायला लागला. मी त्याचं तोंड बघत होते. तो खोटं बोलत नव्हता, खरंच आठवत होता. "हायवेला म्हणालात का? मला वाटतं तुम्ही फक्त गावात म्हणालात... की उलट?" मग म्हणाला, "गाणी चालू होती ना, नसेल ऐकू आलं."

"हायवेला तुम्ही हसला होतात."

"हो का?" तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी पडला. "मला खरंच आठवत नाही हो."

वैशालीने एक बोंबील घसरला होता तो उचलून पुन्हा काठीवर नीट घातला. "वाईला पोचलो की कळवते," ती म्हणाली.

तो आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत आला. बसमध्ये एका म्हाताऱ्या कोळणीला त्याने जागा दिली आणि स्वतः दांड्याला धरून उभा राहिला. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

वाई

परतीच्या वाटेवर खोपोलीचा घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा वैशाली म्हणाली, "मावशी, नाही कळव."

"नीट विचार केलास?"

"मुलगा चांगला आहे. म्हणूनच दोन दिवस लागले." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, तर भांडता आलं असतं. तो हसून बोलला, तरी त्याला ऐकूच आलं नव्हतं."

घरी हे पटवणं सोपं नव्हतं. दाजी हळदीने पिवळे झालेले हात झटकत म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी, घर स्वतःचं, आणि गाडी जोरात चालवतो म्हणून नाही? लोक विचारतील तेव्हा हे सांगायचं?" बहिणीने डोळ्यांना पदर लावला. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. वैशाली रोजच्यासारखी सकाळच्या गाडीने साताऱ्याला जात होती आणि संध्याकाळी येऊन भाकरी थापत होती. तिसऱ्या दिवशी दाजीच मला म्हणाले, "तुम्हीच करा फोन. तुम्ही गेला होता."

मी दुपारी फोन लावला, म्हणजे काकू घरी एकट्या असतील. इकडचं तिकडचं बोलून मी सांगितलं की मुलीचा विचार होत नाही. कारण विचारलं नसतं तर मी सांगितलंही नसतं. काकूंनी विचारलं. मग मी मोरव्याचं काही न बोलता एवढंच म्हटलं, की तिने त्याला दोनदा हळू घ्यायला सांगितलं होतं आणि त्याच्या ते लक्षातही नाही.

मला वाटलं फोन कट झाला. त्यांच्या खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला ओरडताना ऐकू येत होता, म्हणजे चालू होता.

"ताई," काकू म्हणाल्या, आवाज खाली घेऊन, घरात कुणी नसतानाही. "तिला सांगा, बरं केलंन. मी लग्न होऊन आल्यापासून मागे बसून सांगतेय, आधी ह्यांना, आता त्याला. मोठ्याने सांगायची, मग हळू सांगायला लागले, आता मनातच सांगते. अजून कोणाला ऐकू गेलेलं नाही."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.